बारशाला दाखवायचा डाग

मुलीच्या चेहऱ्यावरचा जन्मापासूनचा डाग काढायचा विचार आपल्याकडे बहुधा तिच्यासाठी स्थळं बघायला लागल्यावर सुरू होतो. 'साखरपुड्यापर्यंत जाईल ना?' हा प्रश्न त्वचारोगतज्ज्ञांना नवा नाही. मुलाच्या डागाची एवढी घाई कुणाला नसते, पण त्यावर पुन्हा कधीतरी. आज मुद्दा वेळेचा आहे. काही डागांवर उपचाराची उत्तम वेळ बारशाच्या आसपास असते आणि आपण तिथे वीस-बावीस वर्षं उशिरा पोचतो.

आधी ग्रहणाचं बोलू. आईने ग्रहण पाळलं नाही, विळीवर काही चिरलं, म्हणून बाळाला खूण आली, असं बाळंतिणीला अजूनही ऐकवलं जातं. चेहऱ्यावर गुलाबी-जांभळा सपाट पट्टा येतो, त्या पोर्ट-वाइन डागाचं कारण संशोधकांनी 2013 साली दाखवलं. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीतल्या 'जीएनएक्यू' नावाच्या जनुकात बदल होतो आणि तिच्यापासून बनलेल्या रक्तवाहिन्या रुंदच राहतात. हा बदल आईकडून येत नाही आणि बापाकडूनही नाही. ग्रहणाच्या दिवशी ती बाई काय करत होती याची चौकशी आता बंद व्हायला हरकत नाही.

ज्यांना उपचारच नको, ते डाग आधी बाजूला काढू. बाळाच्या कमरेवर, ढुंगणावर दिसणारे निळसर-करडे डाग आपल्याकडे अगदी सर्रास असतात आणि बहुतेक शाळेत जायच्या वयापर्यंत विरतात. त्यांना काहीही लावू नये. मूल परदेशातल्या पाळणाघरात जाणार असेल, तर डॉक्टरांकडून त्यांची नोंद मात्र करून घ्यावी. तिथल्या लोकांना तो माराचा वळ वाटू शकतो. पापण्यांवरचे आणि कपाळावरचे, रडताना जास्त लाल होणारे फिके डागही वर्षा-दोन वर्षांत जातात. मानेवरचा कधी कधी राहतो, पण तो केसांखाली झाकला जातो.

खरी गफलत होते ती हेमँजिओमाबाबत. जन्मताना तिथे काहीच नसतं, फार तर एखादा फिकट ठिपका. दोन-तीन आठवड्यांत लाल गाठ वर येते आणि पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने वाढते. मग काही वर्षं ती हळूहळू ओसरते, म्हणून घरोघरी 'आपोआप जाईल' हे वाक्य तयार असतं. पाठीवरच्या लहानशा गाठीला ते लागू पडतं. पापणीवरच्या गाठीला नाही, कारण झाकलेल्या डोळ्याची नजर त्याच महिन्यांत घडत असते आणि ती कायमची मंद होऊ शकते. नाकाच्या शेंड्यावरची, ओठावरची, लंगोटाच्या जागेवरची किंवा हनुवटी-गळ्यावर पसरलेली गाठही थांबून बघण्यासारखी नसते. आणि ओसरल्यावरही मागे सैल कातडी राहू शकते, हे ते वाक्य सांगत नाही.

यावरचं औषध योगायोगाने सापडलं. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात एका बाळाच्या नाकावर मोठा हेमँजिओमा होता. त्यासाठी दिलेल्या स्टिरॉइडमुळे हृदयाचा त्रास सुरू झाला म्हणून त्याला प्रोप्रॅनोलॉल दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी गाठ मऊ पडून तिचा रंग उतरू लागला. डॉ. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 2008 मध्ये प्रसिद्ध केलं. रक्तदाबाचं हे जुनं, स्वस्त औषध आज पहिल्या पसंतीचं आहे. ते बाळाला दूध पाजूनच द्यावं लागतं, नाहीतर रक्तातली साखर घसरते. नाडीवरही लक्ष ठेवावं लागतं. म्हणजे औषध साधं असलं तरी ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच चालवायचं. मात्र गाठ वाढत असतानाच ते सर्वांत उपयोगी पडतं, आणि आपण तो काळ 'जाईल, जाईल' म्हणण्यात घालवतो.

पोर्ट-वाइन डाग आपोआप जात नाही. तो मुलाबरोबर वाढतो आणि प्रौढपणी गडद, जाड होतो. त्यावर पल्स्ड डाय लेझर वापरतात. या लेझरचा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, त्या उष्णतेने वाहिनी बंद पडते आणि आसपासची कातडी वाचते. मात्र आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिनही हाच प्रकाश खातं, म्हणून बेताने, गार करत, जास्त बैठकांत काम करावं लागतं. तान्ह्या बाळाची कातडी पातळ असते, डागही लहान असतो, त्यामुळे लवकर सुरुवात केल्यास फिकेपणा चांगला येतो. पूर्ण पुसला जाण्याचं भाग्य मात्र थोड्यांचंच. शंभर टक्के हमी देणाऱ्या क्लिनिकमधून चपला घालून निघावं.

डोळ्याभोवतीचा निळसर-करडा 'नीव्हस ऑफ ओटा' मात्र लग्नाच्या वयातही क्यू-स्विच्ड लेझरला चांगली दाद देतो. कॉफीच्या रंगाचे डाग लेझरनंतर परत येतात. ते काढण्यापेक्षा मोजावेत. लहान मुलाच्या अंगावर पाच मिलिमीटरहून मोठे सहा किंवा जास्त असतील, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस या जनुकीय आजाराची तपासणी हवी. मोठा, केसाळ काळा डाग प्लास्टिक सर्जनकडे न्यावा. बिब्बा, चुना-सोडा यांनी डागाच्या जागी भाजल्याचा व्रण तेवढा येतो.

विम्याचा प्रश्न उरतोच. शरीरावर दिसणारा जन्मजात दोष बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो आणि लेझर तर सौंदर्योपचारात ढकलला जातो. नजरेवर आलेल्या गाठीवरचा उपचार नटण्यामुरडण्यात मोजणं मला पटत नाही.

आणि मोठं झालेल्या मुलीला तिचा डाग काढायचाच नसेल, तर विषय संपला. मिखाइल गोर्बाचेव्ह यांच्या टकलावरचा डाग सुरुवातीच्या अधिकृत छायाचित्रांतून पुसून टाकत. त्यांनी स्वतः तो जगभर उघडा मिरवला. फक्त पोर्ट-वाइन डाग कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असेल, तर काचबिंदूचा धोका असतो आणि लहानपणी झटक्यांचाही. लेझर करा अथवा करू नका, डोळ्यांचा दाब दर वर्षी तपासून घ्या.