प्रतिबंधाचे औषध कोणासाठी?

एकच कीटकनाशक वर्षानुवर्षे फवारीत राहिल्यास बोंडअळी त्यास दाद देईनाशी होते, हा अनुभव कापूस उत्पादकांस नवा नाही. थोड्या अळ्या वाचतात आणि पुढील पिढी त्यांचीच निपजते. रोगजंतूंचेही असेच घडते. आणि त्याची किंमत ज्यांस मोजावी लागते, त्यांत रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण आहेत.

या रोगावरील प्रखर औषधांनी कर्कपेशींबरोबरच जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशीही काही काळ फार घटतात. अशा वेळी आतड्यातील ई. कोलायसारखे एरवी निरुपद्रवी जंतू रक्तात शिरून प्राण संकटात आणतात. म्हणून, पेशी पुन्हा वाढेपर्यंत, लिव्होफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक आधीच देण्याची पद्धत आहे. परंतु जंतूच त्यास जुमानत नसतील, तर हे कुंपण असून नसल्यासारखेच. आपल्या रुग्णालयांत आढळणाऱ्या ई. कोलाय जंतूंपैकी निम्म्याहून अधिक या औषधकुलास दाद देत नाहीत, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अहवालांवरून दिसते.

याचा आपल्या खुराड्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. कोंबड्यांना व गुरांना दिले जाणारे एन्रोफ्लॉक्सॅसिन हे त्याच कुळातील औषध होय. एकास सरावलेला जंतू बहुधा दुसऱ्यासही सरावतो, आणि विष्ठा, पाणी, कच्चे मांस यांवाटे माणसापर्यंत पोहोचू शकतो. अमेरिकेने कोंबड्यांसाठी त्याचा वापर २००५ साली बंद केला. आपल्या सरकारनेही २०१९ साली कोलिस्टिन हे राखीव औषध खाद्योपयोगी पशुपक्ष्यांस देण्यास मनाई केली.

माणसांतील औषधांचा गैरवापर हे या दुखण्याचे मोठे कारण आहे, हे खरे. पण त्यामुळे आपला वाटा पुसला जात नाही. आजारी जनावरास औषध द्यावेच. निरोगी कळपास मात्र ‘रोग येऊ नये’ म्हणून पाण्यातून प्रतिजैविक पाजणे मला समर्थनीय वाटत नाही. कोंबड्यांचा बचाव लस, तुसाची कोरडी गादी, स्वच्छ पाणी व पुरेशी जागा यांनी होऊ शकतो. त्या रुग्णाजवळ असे मार्ग फार थोडे असतात.

यास्तव पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून प्रतिजैविक देऊ नये, दिल्यास मात्रा पूर्ण करावी, आणि ठरवून दिलेली मुदत संपेपर्यंत दूध, अंडी वा मांस विकू नये. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी हे प्रत्येक खुराड्यापर्यंत पोहोचवावे, ही विनंती.