बी, औषध आणि सल्ला एकाच घरचा

पळस्पे फाट्यावर दिवसातून कधीही उभे राहा. एक रस्ता पुण्याला, एक गोव्याला आणि एक थेट जेएनपीटी बंदराला जातो. बंदराच्या रस्त्याला कंटेनरची रांग सहसा तुटत नाही. जिथे आपल्या वडीलधाऱ्यांनी भात झोडलं, तिथे आज कंटेनर यार्ड आणि गोदामं उभी आहेत. या यार्डांचे मालक कोण, हे आपण फारसं विचारत नाही. जमीन गेली, पैसा आला आणि संपला, विषय मिटला असं आपण धरून चालतो. पण मालक कोण हा प्रश्न पुढे खताच्या गोणीपर्यंत आणि बियाण्याच्या पुडीपर्यंत येऊन पोचतो, म्हणून आज त्याचाच विचार करू.

बंदराचंच उदाहरण घ्या. जेएनपीटी 1989 साली सुरू झालं. तिथलं पहिलं खाजगी टर्मिनल पी अँड ओ कंपनीने 1999 मध्ये चालू केलं. 2006 मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्डने पी अँड ओ कंपनीच विकत घेतली, म्हणजे टर्मिनलही तिच्याकडे आलं. पुढे 2018 मध्ये याच डीपी वर्ल्डने राष्ट्रीय गुंतवणूक निधीबरोबर मिळून कॉन्टिनेंटल वेअरहाउसिंग (न्हावाशेवा) ही गोदामं आणि कंटेनर यार्ड चालवणारी कंपनी घेतली. धक्का आणि गोदाम एका मालकाखाली आले. बाजूच्या जीटीआय टर्मिनलमध्ये मर्स्क या जहाज कंपनीच्या घरातलीच एपीएम टर्मिनल्स भागीदार आहे. तिथे जहाज आणि धक्का एका घरचे.

अर्थशास्त्रात याला उभं विलीनीकरण म्हणतात. बियाण्याच्या दोन कंपन्या एक झाल्या तर ते आडवं, कारण कालपर्यंत त्या एकमेकींच्या स्पर्धक होत्या. उभ्यात स्पर्धक कमी होत नाही, एकाच साखळीतल्या वरच्या आणि खालच्या कड्या जुळतात. आणि ज्या दोन कंपन्यांचा माल वेगळा, पण गिऱ्हाईक एकच, त्या एकत्र आल्या तर ते मिश्र विलीनीकरण. बी विकणारी आणि तणनाशक विकणारी, ही त्यातली जोडी.

आता न्यायाने बोलायचं तर उभं विलीनीकरण नेहमी वाईटच असतं असं नाही. साखळीत चार जण असले की चौघंही आपापला नफा लावतात. दोघं एक झाले तर एक नफा गळतो, माल स्वस्त होऊ शकतो. कंटेनर धक्क्यावरून यार्डात आणि यार्डातून ट्रकवर वेळेवर गेला, तर द्राक्षाच्या पेटीचा एक दिवस वाचतो. हे खरं आहे. अडचण कुठे येते? दुसऱ्याच्या यार्डाला जागा हवी असते आणि धक्का तुमच्याच हातात असतो, तिथे. आपल्या यार्डाचा कंटेनर आधी सोडायचा आणि दुसऱ्याचा उद्यावर टाकायचा, हे करण्याची ताकद मालकाला मिळते. ताकद मिळाली म्हणजे तो वापरीलच असं नाही, पण कायद्याने लक्ष ठेवायचं ते या ताकदीवर. जेएनपीटीमध्ये माल यार्डात न नेता थेट बंदरातून उचलण्याच्या सोयीला 2016-17 पासून जोर दिला गेला. आयातदाराला दुसरी वाट मिळाली. दुसरी वाट असली की मालकाची मुजोरी आपोआप आवरते.

आता आपल्या शिवारात या. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको काढली. संकरित बियाणं घराघरात नेणारी ही मराठवाड्यातली कंपनी. बारवाल्यांना 1998 मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या मोन्सॅन्टोने महिकोत 26 टक्के भाग घेतला. पुढे दोघांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत महिको मोन्सॅन्टो बायोटेक काढली. मार्च 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत देशातल्या कपाशीखालची बहुतेक जमीन बीटीखाली गेली.

इथे साखळी नीट बघा. बोंडअळीला मारणारं जनुक मोन्सॅन्टोचं. ते देशातल्या बियाणे कंपन्यांना भाड्याने दिलं जायचं, त्याची रॉयल्टी प्रत्येक पुडीवर. सुरुवातीला 450 ग्रॅमच्या पुडीची किंमत 1600 रुपयांच्या पुढे होती आणि त्यात तब्बल 1250 रुपये नुसत्या जनुकाचे होते! आणि जनुक भाड्याने देणाऱ्यांतली महिको स्वतःही बी विकत होती. म्हणजे घरमालक आणि भाडेकरू एकाच बाजारात दुकान मांडून बसलेले. आंध्र प्रदेश सरकारने 2006 मध्ये मक्तेदारी आयोगाकडे तक्रार केली आणि त्या हंगामात पुडी 750 रुपयांवर आली. महाराष्ट्राने 2009 मध्ये कापूस बियाण्याच्या किमतीसाठी स्वतःचा कायदा केला. केंद्राने 2016 मध्ये बीजी-2 ची रॉयल्टी 163 वरून 49 रुपये केली आणि 2020-21 पासून ती शून्यावर आणली.

त्याच 2016 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मोन्सॅन्टोच्या व्यवहाराची चौकशी लावली. परवान्याच्या अटी एवढ्या कडक होत्या की बियाणे कंपनीला दुसऱ्याच्या जनुकाकडे वळणं अवघड होतं, असा आयोगाचा प्राथमिक आक्षेप होता. कंपनी कोर्टात गेली. जुलै 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं की पेटंटच्या हक्काची अशी तक्रार पेटंट कायद्याखाली बघायची, आयोगाने नव्हे. सात वर्षं चौकशीच्या अधिकारावरच भांडण चाललं. तेवढ्यात शेतकऱ्याने सात खरीप काढले.

आणि मग बायर आली. जर्मनीची ही औषध आणि कीटकनाशकांची कंपनी, भारतातलं तिचं मुख्य कार्यालय आपल्या ठाण्यात. 2016 मध्ये तिने मोन्सॅन्टो घेण्याचं जाहीर केलं आणि 2018 मध्ये सुमारे 63 अब्ज डॉलरला घेतली. जगातल्या मोठ्या कंपन्या त्याच सुमारास जोड्या लावत होत्या. डाऊ आणि ड्युपाँट 2017 मध्ये एक झाल्या, सिंजेंटा चिनी सरकारी कंपनीने घेतली. वापीत सुरू झालेली आपली यूपीएलही मागे नव्हती, तिने 2019 मध्ये अरिस्टा घेतली.

बायर-मोन्सॅन्टोत आडवं, उभं आणि मिश्र असं तिन्ही होतं. बी एकाचं, जनुक त्याचंच, तणनाशक त्याचंच आणि मोबाइलवर कधी काय फवारायचं हे सांगणारा सल्लाही त्याचाच. स्पर्धा आयोगाने जून 2018 मध्ये मंजुरी दिली ती अटी घालून. बायरने आपला काही बियाणे आणि तणनाशकाचा धंदा विकावा, तो बीएएसएफने घेतला. महिकोतला 26 टक्के भाग सोडावा. जनुकांचे परवाने सर्वांना रास्त अटींवर, भेदभाव न करता द्यावेत. एक माल घ्यायचा तर दुसरा घ्याच, अशी जोडणी करू नये. हवामान आणि पिकाची भारतातली माहिती सरकारी संस्थांना फुकट द्यावी. परवान्यांची अट सात वर्षांची होती. 2018 पासून मोजली तर ती मुदत 2025 मध्ये भरली. पुढे कोण बघणार, हे विचारायची वेळ आत्ताच आहे.

तुम्ही म्हणाल, आम्ही भातवाले, कपाशीशी आमचा काय संबंध? पण जोडणीला तुम्ही चांगले ओळखता, नाव फक्त वेगळं आहे. पेरणीच्या धांदलीत युरिया मागायला जा. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांची, पण दुकानदार म्हणतो, सोबत ही बाटली घ्या, हे विद्राव्य खत घ्या, नाहीतर युरिया संपलाय. दुकानदाराला विचारलं तर तो वर बोट दाखवतो, आम्हालाही वरूनच लावतात. यालाच आपण लिंकिंग म्हणतो. नको असलेल्या मालाचे दोनशे-तीनशे रुपये गेले, एवढंच नुकसान नाही. ज्या छोट्या कंपनीची बाटली स्वस्त आणि चांगली होती, तिला त्या फळीवर जागाच मिळत नाही. दोन-चार हंगामांत ती दुकानातून दिसेनाशी होते. मग उरलेला एकटाच भाव ठरवतो.

मिश्र विलीनीकरणाची भीती ती हीच. अमेरिकेने मान्य केलेला जीई आणि हनीवेल यांचा सौदा युरोपने 2001 मध्ये अडवला, त्यातलं एक कारण असंच होतं: विमानाचं इंजिन एकाचं आणि आतली यंत्रं दुसऱ्याची, दोन्ही एकाच बिलावर विकली तर बाकीच्यांनी जायचं कुठे? त्या निर्णयावर पुष्कळ टीकाही झाली. कारण एकत्र बिलात सूट मिळत असेल तर गिऱ्हाईक आज खूषच असतं. आजची सूट आणि पाच वर्षांनंतरचा भाव यांचा हिशोब कोणी कसा मांडायचा, यावर जाणत्यांचंही एकमत नाही. माझं मत विचाराल तर, बी आणि औषधाच्या बाबतीत सुटीला भुलू नये. कारखानदार यंत्र बदलायला वर्षभर थांबू शकतो, आपल्याला पहिला पाऊस पडला की आठवड्यात बी पाहिजे.

रायगडकरांचं नशीब असं की दुसरी वाट अजून शाबूत आहे. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राचे कर्जत-3, कर्जत-7 हे सरळ वाण आहेत. एकदा चांगलं बी आणलं तर पुढची दोन-तीन वर्षं घरचंच राखून पेरता येतं. याच केंद्राने सह्याद्री हा संकरित भात दिला. 2001 च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, बदलून घेण्याचा, छाप न लावता विकण्याचाही हक्क दिलाय. कंपनीच्या संकरित भाताची पिशवी महाग वाटली तर ती ठेवून निघून येण्याची मुभा आपल्याला आहे, ती या वाणांमुळे. भाजीपाल्याच्या बियाण्यात मात्र तशी सोय फार कमी उरली आहे.

ग्रामसेवक, कृषी सहायक आणि सोसायटीच्या सचिवांसाठी दोन गोष्टी. लिंकिंग झालं की पक्कं बिल मागायला लावा. जादा मालाचं बिल वेगळं फाडलं असेल तर दोन्हींवरची तारीख आणि वेळ जुळवा, आणि अर्ज लेखी, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. तोंडी तक्रारीला पोच मिळत नाही. दुसरी गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. मोठ्या विलीनीकरणाची सखोल तपासणी सुरू झाली की स्पर्धा आयोग तपशील जाहीर करून लोकांच्या हरकती मागवतो, मुदत मोजक्या दिवसांची असते. बायरच्या वेळीही मागवल्या होत्या. तिथे कंपन्यांचे वकील लिहितात. सोसायटीच्या लेटरहेडवर, आपल्या दुकानात आधी किती कंपन्यांचं तणनाशक मिळत होतं आणि आज किती मिळतं, एवढं नावानिशी लिहून पाठवायला वकील लागत नाही. ती यादी गावातल्या जुन्या बिलांतून एका संध्याकाळी निघते.