दवाखान्यातील गुपित

वैद्यापुढे मन मोकळे करणाऱ्या रोग्याची अपेक्षा एकच असते. ती ही की, सांगितलेले त्या चार भिंतींबाहेर जाऊ नये. अमेरिकेतील विद्यापीठांच्या दवाखान्यांत ही अपेक्षा नेहमीच पुरी होते, असे नाही. रुग्णांच्या माहितीस संरक्षण देणारा तेथील १९९६ चा कायदा विद्यार्थ्यांच्या या कागदांना बहुधा लागूच होत नाही. ते १९७४ च्या शिक्षणविषयक कायद्याखाली येतात.

याचा अर्थ काय, हे ऑरेगॉन विद्यापीठात दिसून आले. अत्याचाराची तक्रार केलेल्या एका विद्यार्थिनीने जानेवारी २०१५ मध्ये विद्यापीठावरच दावा लावला. तिच्या समुपदेशनाचे कागद विद्यापीठाच्या वकिलांनी तिच्या संमतीवाचून मिळवले होते! संमती वा न्यायालयाचा हुकूम असल्यावाचून, उपचारांविषयीचेच दावे वगळता, असे कागद वकिलांना देऊ नयेत, असे अमेरिकेच्या शिक्षणखात्याने ऑगस्ट २०१६ मध्ये बजावले. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे.

प्रतिवादीस पुरावा हवा, हे आम्हांस मान्य आहे. त्याचा मार्ग न्यायालयातून जातो, दवाखान्याच्या कपाटातून नव्हे. आपल्याकडील कितीतरी मुलेमुली तेथे शिकावयास जातात. हा प्रश्न त्यांचाही आहे. दवाखाना विद्यापीठाच्या मालकीचा असेल. रोग्याचे गुपित त्याच्या मालकीचे नाही. जेथे बोलण्याचेच भय वाटावे, तो दवाखाना असून नसल्यासारखाच होय.