तारनाक्याचा उपमा

मे २०२४ मध्ये हैदराबादच्या तारनाका भागातल्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, तेव्हा दोन आकडे फार गाजले. देशातल्या एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहारामुळे येतो, हा एक. नीट आहार आणि व्यायाम यांच्या जोरावर टाइप २ मधुमेह ८० टक्क्यांपर्यंत टाळता येऊ शकतो, हा दुसरा. बहुतेकांनी त्यातून काढलेला अर्थ सरळ होता: मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे ज्यानं त्यानं ओढवून घेतलेले आजार. वडे हाणलेत, चाललात नाही, आता भोगा. हा अर्थ चुकीचा नाही, पण अर्धा आहे. उरलेल्या अर्ध्याचा पुरावा याच संस्थेच्या दप्तरात पडून आहे.

ही संस्था मुळात पोट सुटलेल्यांसाठी निघालेलीच नव्हती. १९१८ मध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी कुन्नूरला बेरीबेरीचा शोध घेण्यासाठी ती सुरू केली आणि १९५८ मध्ये, डॉ. व्ही. एन. पटवर्धन यांच्या कारकिर्दीत, ती हैदराबादला आली. पुढे डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी इथे पेलाग्राचा अभ्यास केला. हा आजार दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांना होत असे. आज तीच ज्वारीची भाकरी शहरात ‘डाएट’ म्हणून दुप्पट भावानं मिळते, हा भाग वेगळा. सांगायचं ते असं, की उपासमारीचे आजार आणि सुबत्तेचे आजार ही दोन वेगळी खाती आहेत असं आपण धरून चालतो, आणि तिथेच फसतो. १९८७ ते १९९० या काळात हैदराबादजवळच्या २९ गावांत या संस्थेनं एक प्रयोग केला. १५ गावांत गरोदर बायकांना आणि सहा वर्षांखालच्या मुलांना अंगणवाडीतून रोज मका आणि सोयाच्या पिठाचा, सोयाबीन तेलातला उपमा दिला. गरोदर बाईला त्यातून सुमारे ५०० कॅलरी मिळत, मुलाला ३००. उरलेल्या १४ गावांत तेव्हा अंगणवाडी योजना पोचलेली नव्हती. ही मुलं १३ ते १८ वर्षांची झाली तेव्हा १,१६५ जणांची तपासणी झाली आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. उपमा मिळालेल्या गावांतली मुलं सरासरी १४ मिलिमीटरनं अधिक उंच होती. त्यांचं शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देत होतं आणि धमन्या कमी ताठर होत्या. यांतल्या एकाही मुलानं ‘जीवनशैली’ निवडलेली नव्हती.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक दुसऱ्या वाटेनं याच निष्कर्षापाशी पोचले. पुण्याजवळच्या सहा गावांतली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची भरली, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. मात्र आपल्या बाळांत जे कमी होतं ते मुख्यतः स्नायू आणि अवयव. कातडीखालची चरबी बरीचशी शाबूत होती. वरून काटकुळं, आतून चरबीदार. अशा शरीराला पुढे थोडं वजन वाढलं तरी झेपत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: म्हणजे खादाडांना पळवाट मिळाली. तसं होत नाही. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर केलेला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसतं तपासत राहिलेल्या गटात तीन वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला, तर चालणं आणि जेवण सुधारलेल्या गटात ३९ जणांना. म्हणजे चालण्याचा उपयोग होतो, निर्विवाद होतो. पण सगळं ऐकूनसुद्धा ३९ जणांना आजार झालाच, आणि अमेरिकेतल्या तशाच प्रयोगात जोखीम ५८ टक्क्यांनी घटली असताना आपल्याकडे ती २८.५ टक्क्यांनीच घटली. दोन्ही देशांचे प्रयोग हुबेहूब सारखे नव्हते, हे खरं. तरीही चाळिशीत सुरू केलेल्या सुधारणेला किती गाठता येतं, याची कल्पना त्यातून येते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हैदराबादच्या प्रयोगात गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, आणि रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांत फरक आढळला नाही. मान्य. जो फरक आढळला तोही धोक्याच्या लक्षणांत होता, प्रत्यक्ष आजारात नव्हे. म्हणून त्या एकट्या प्रयोगावर इमारत उभी करू नये. पण पुणे आणि हैदराबाद एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर तिकडे न बघणं हा हट्ट झाला. ‘आमचे आजोबा तूप खाऊन नव्वद वर्षं जगले’ या तिसऱ्या आक्षेपाला फार वेळ देण्याचं कारण नाही. स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. आठवणीत राहिले ते जगलेले आजोबा.

मग निवड नेमकी कुणाच्या हातात आहे? तारनाक्याची शिफारस सांगते, की २,००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम असाव्यात. धान्यातून ४५ टक्क्यांहून जास्त ऊर्जा येऊ नये. प्रत्यक्षात ती ५० ते ७० टक्के येते. ज्या घरात सगळ्यांचं झाल्यावर सून जेवायला बसते, तिथे तोवर पातेल्यात वरणाचं वरचं पाणी उरलेलं असतं आणि भात मात्र भरपूर. तिच्या पोटातल्या बाळाचा मधुमेह तिथे शिजत असतो, आणि पन्नास वर्षांनी डॉक्टर त्या बाळाला विचारणार, ‘व्यायाम करता का?’ सरकारचं ताटही तसंच आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिना पाच किलो धान्याचा हक्क दिला, डाळीचा नाही. तेलंगणानं २०२५ च्या उगादीपासून रेशनवर माणशी सहा किलो बारीक तांदूळ सुरू केला आणि त्याचं कौतुकही झालं. भात चवीला सुधारला, ताटातला तोल तिथेच राहिला.

महाराष्ट्रात गरोदर बाईला अंगणवाडीत गरम, चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे, पण ती आदिवासी भागापुरती. बाकी ठिकाणी घरी न्यायची पाकिटं मिळतात आणि ती घरात सगळ्यांत वाटली जातात. मधुमेहाच्या शिबिरांवर आणि वॉकेथॉनच्या टी-शर्टांवर खर्च करणाऱ्या शासनानं ही योजना आधी सगळ्या जिल्ह्यांत न्यावी, आणि रेशनच्या दुकानात तांदळाच्या पोत्याशेजारी तूरडाळीचं पोतं ठेवावं.