चेनचा भाव तासावर काढा

मे उजाडला की चेनसॉ दुरुस्तीच्या दुकानांत एकच विचारणा सुरू होते, "अठरा इंची चेन कितीला?" पावसाआधी तारांवर झुकलेल्या फांद्या उतरवायच्या असतात, वाळलेली झाडे पाडायची असतात, सरपण कापून आत टाकायचे असते. हाताशी दिवस थोडे आणि कामे फार, त्यामुळे जो आकडा कमी ऐकू येईल तिथे व्यवहार होतो. पंधरा दिवसांनी तोच माणूस दुसरी चेन घ्यायला येतो. वाचलेले पैसे गेलेले असतात आणि वर कामाचे दिवसही गेलेले असतात. म्हणून या अंकात चेन खरेदीबद्दल सविस्तर लिहीत आहोत. ठेकेदार, बागायतदार, लाकूडतोड करणारे कारागीर आणि दुरुस्तीवाले या सर्वांना आमचे सांगणे एकच आहे. चेनचा भाव नगावर ठरवू नका, ती किती तास कापते त्यावर ठरवा.

भाव विचारण्याआधी चार गोष्टी कागदावर हव्यात. पहिली पिच. सलग तीन रिव्हेट घ्या, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा आणि ते निम्मे करा. ८.२५ मिमी आले तर चेन ०.३२५ इंची, साडेनऊच्या आसपास आले तर ३/८ इंची. ३/८ मध्येही छोट्या यंत्रांची बुटक्या दातांची लो प्रोफाइल चेन वेगळी आणि मोठ्या यंत्रांची वेगळी. दोघींची पिच सारखी दिसली तरी एकीच्या स्प्रॉकेटवर दुसरी चालवू नये. दुसरी गोष्ट गेज, म्हणजे बारच्या खाचेत फिरणाऱ्या लिंकची जाडी. ती बहुधा १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिमी असते. १.५ च्या खाचेत १.३ ची चेन घातली तर ती डुलते, काप तिरका जातो आणि चेन बारवरून उतरण्याचा धोका वाढतो. तिसरी गोष्ट खालच्या ड्राइव्ह लिंकांची संख्या, आणि चौथी दाताचा प्रकार.

नुसते "अठरा इंची" म्हणून चेन मागणाऱ्याची फसगत बहुतेक वेळा तिसऱ्या गोष्टीत होते. अठरा इंचाच्या एका बारला ७२ लिंकांची चेन लागते, तर दुसऱ्या कंपनीच्या तेवढ्याच लांबीच्या बारला ७४ लिंकांची. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या ५८ सीसीच्या चिनी यंत्रांवर बावीस इंची बार असेल तर साधारणपणे ८६ लिंका लागतात. दोन लिंका कमी पडल्या तर चेन बसत नाही. दोन जास्त झाल्या तर ताण देऊनही ती ढिली राहते. म्हणून जुनी चेन फेकण्याआधी लिंका मोजा आणि आकडा यंत्राच्या झाकणावर ऑइलपेंटने लिहून ठेवा. लिंकवरचे ठसेही वाचायला शिका. ओरेगॉन कंपनीच्या चेनवर २१ असेल तर पिच ०.३२५ आणि गेज १.५ मिमी, २२ असेल तर त्याच पिचमध्ये १.६ मिमी, ९१ असेल तर ३/८ लो प्रोफाइल आणि १.३ मिमी. स्टिल कंपनीच्या ड्राइव्ह लिंकवरचे ३, ५ आणि ६ हे अंक अनुक्रमे १.३, १.५ आणि १.६ मिमी गेज सांगतात.

दाताच्या प्रकाराकडे तर बहुतेक जण पाहतच नाहीत. चौकोनी कोपऱ्याचा फुल चिझल दात स्वच्छ, ओल्या लाकडात वेगाने चालतो, पण त्याचा कोपरा माती लागताच मरतो. गोलसर कोपऱ्याचा सेमी चिझल थोडा संथ असतो, पण धार जास्त वेळ धरतो. आपल्या कामाचे लाकूड कोणते ते आठवा. सागात नैसर्गिक सिलिका असते, ती धार खाते. नारळाच्या खोडाचा बाहेरचा भाग कठीण आणि चिवट असतो. वाळलेली बाभूळ तर कारागिराची परीक्षाच घेते. आडवी पडलेली खोडे माती आणि वाळूने माखलेली असतात. अशा कामाला सेमी चिझलच बरा. नवा माणूस यंत्र हाताळणार असेल तर झटका कमी करणाऱ्या बंपर लिंकांची चेन घ्या. बारचे टोक लाकडाला लागून यंत्र उसळले तर ते थेट चेहऱ्याकडे येते, तिथे दहा-वीस रुपयांचा विचार करू नये.

आता एकाच मापाच्या दोन चेनमध्ये दुप्पट-तिप्पट भावाचा फरक का पडतो ते पाहू. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातला लाकूडतोड्या जोसेफ कॉक्स याने १९४६ मध्ये एका भुंगेऱ्याची अळी लाकूड कशी कोरते ते निरखले. ती जबड्याने डावी-उजवीकडे लाकूड कातरत पुढे सरकत होती. त्यावरून त्याने एकाआड एक डाव्या-उजव्या वाकड्या दातांची चेन बनवली आणि १९४७ मध्ये पोर्टलंड येथे तिचे उत्पादन सुरू केले. आज जगातली जवळपास प्रत्येक चेन त्याच तत्त्वावर चालते. त्या पेटंटांची मुदत केव्हाच संपली आहे, म्हणून तो आकार कोणीही काढू शकतो. दिसायला सगळ्या चेन बहिणी-बहिणी असतात. फरक पोलादात, ते तापवून थंड करण्याच्या पद्धतीत, दाताच्या माथ्यावरच्या क्रोमच्या थरात आणि रिव्हेटच्या घट्टपणात असतो. खोक्यावरून त्यातले काहीच कळत नाही.

ते कळते वापरात. नवी चेन पहिल्या अर्ध्या तासात थोडी ताणते, हे स्वाभाविक आहे. पण ती रोज ढिली होत राहिली तर रिव्हेट आणि त्यांची भोके झिजत आहेत असे समजावे. पहिल्यांदा धार लावताना कानस सगळ्या दातांवर सारखी चालते का ते पाहा. एका दातावर ती घसरते आणि शेजारच्यावर लोण्यात शिरल्यासारखी जाते, तर पोलाद एकसारखे तापवलेले नाही. डाव्या आणि उजव्या दातांची लांबी कमी-जास्त असेल तर चेन एका अंगाला ओढते. एवढी तपासणी केलीत की पुढच्या खरेदीला दुकानदाराच्या बोलण्यावर अवलंबून राहावे लागत नाही.

मग हिशेब मांडा. समजा, एक चेन ५०० रुपयांची असून २० तास कापते आणि दुसरी १,२०० रुपयांची असून ६० तास कापते. पहिलीचा खर्च तासाला २५ रुपये, दुसरीचा २० रुपये. माणूस आणि यंत्र मिळून तासाला २०० रुपये धरले आणि स्वस्त चेनला दर तासामागे दहा मिनिटे जास्त कानस लागली, तर त्या खोळंब्याचे आणखी ३३ रुपये होतात. म्हणजे ५०० रुपयांची चेन तासाला ५८ रुपयांना पडते आणि १,२०० रुपयांची २० रुपयांना. आकडे इथे पद्धत दाखवण्यापुरते आहेत. तुमचे आकडे तुमच्या वहीतून यायला हवेत. चेन बसवल्याची तारीख, कापलेले लाकूड, रोजचे तास, कानस किती वेळा लावली आणि शेवटी चेन केव्हा काढली, एवढ्या पाच रकान्यांची वही पुरते. हा हिशेब नेहमी महागाच्या बाजूने लागेल असेही नाही. जमिनीलगतचे बुंधे, मुळे किंवा खिळे असलेले जुने वासे कापायचे असतील तर चांगली चेन तिथे वाया जाते. त्या कामाला स्वस्त चेन वेगळी ठेवावी.

कुठून घ्यावी? अधिकृत विक्रेत्याकडे भाव चढा असतो, पण माप बरोबर मिळते आणि तक्रार घेऊन जायला एक दार असते. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्याच्या बोहरी आळीत दहा दुकाने फिरून भाव काढता येतो, फक्त प्रत्येक ठिकाणी पिच, गेज, लिंक आणि दात हे चारही सांगून. एकाने लो प्रोफाइलचा आणि दुसऱ्याने मोठ्या ३/८ चा भाव सांगितला तर ती तुलनाच नव्हे. ऑनलाइन भाव सर्वांत कमी दिसतो. तिथे "सर्व ५८ सीसी यंत्रांना चालते" असे लिहिले असेल आणि लिंकांची संख्या दिलेली नसेल, तर ती वस्तू सोडून द्या. नामांकित कंपनीचे खोके निम्म्या भावात मिळत असेल तर आधी लिंकवरचा ठसा पाहा. तो नसेल किंवा पुसट असेल तर माल नकली समजावा. भावात जीएसटी आणि पोचवण्याचा खर्च धरला आहे का, हेही प्रत्येक ठिकाणी विचारा.

ज्यांच्याकडे चार-सहा यंत्रे आहेत, किंवा जे गावातले पाच-सात जण एकत्र येऊ शकतात, त्यांनी रिळाचा विचार करावा. शंभर फुटी रिळात ०.३२५ पिचच्या सुमारे १,८४० लिंका असतात. ७२ लिंकांची एक चेन धरली तर पंचवीस चेन निघतात. चेन तोडण्याचे आणि रिव्हेट फिरवून बसवण्याचे यंत्र मात्र हवे आणि जोडकड्या त्याच गेजच्या हव्यात. रिव्हेट हातोडीने ठोकून जोडलेली चेन कोणाच्याही हाती देऊ नका. ती भर वेगात तुटली तर तुकडा गोळीसारखा सुटतो.

चेनबरोबर स्प्रॉकेट आणि बारही पाहा. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन घातली तर तीही लवकर झिजते. दोन चेन झिजल्या की स्प्रॉकेट बदलावे, हा चांगला नियम आहे. त्याहून चांगले म्हणजे एकदम तीन चेन घेऊन आळीपाळीने वापराव्यात, म्हणजे चेन आणि स्प्रॉकेट बरोबरीने झिजतात. कानसही मापाची हवी. ३/८ लो प्रोफाइलला ४ मिमी, ०.३२५ ला ४.८ मिमी. चुकीच्या कानसीने महागडी चेनही चार दिवसांत मारता येते.

ही सारी खरेदी पावसाआधी करा. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' कोकण किनाऱ्याजवळून गेले. दोन्ही वेळा रस्त्यांवर, घरांवर आणि बागांत आंबा, नारळ, सुपारीची झाडे आडवी झाली. अशा दिवसांत दुकाने बंद असतात, रस्ते अडलेले असतात आणि मिळेल ती चेन मिळेल त्या भावात घ्यावी लागते. दर यंत्रामागे दोन चेन, एक कानस आणि एक स्प्रॉकेट घरात तयार असतील, तर पहिल्या दिवसापासून काम सुरू होते. अडलेल्या माणसाला भाव करता येत नाही, म्हणून अडण्याआधी भाव करा.

ग्राहक म्हणून आपला हक्कही बजावा. बंद वेष्टनातील वस्तूंसाठीच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार आयात केलेल्या मालाच्या वेष्टनावर कमाल किंमत, आयातदाराचे नाव-पत्ता आणि मूळ देश छापलेला असावा लागतो. ऑनलाइन विक्रीतही मूळ देश दाखवणे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक केले आहे. बिल घ्या आणि त्यावर नुसते "चेन १ नग" लिहू देऊ नका. पिच, गेज आणि लिंकांची संख्या लिहून मागा. चुकीचे माप निघाले तर परत करायला तोच पुरावा आहे.

विक्रेत्यांना आणि आयातदारांना आमची जाहीर विनंती आहे की पिच, गेज, लिंकांची संख्या आणि दाताचा प्रकार या चार गोष्टी खोक्यावर मराठीत, ठळक अक्षरांत छापा. चेन वापरणारा बहुतांश माणूस मराठी वाचतो आणि त्याच्या हातापायांची सुरक्षितता त्या चार ओळींवर अवलंबून आहे. वाचकांना विनंती अशी की, या हंगामात वही ठेवा आणि दिवाळीपर्यंतचे तास आम्हाला कळवा. कोणत्या लाकडात कोणती चेन किती तास चालली, याची नोंद आपल्या राज्यातल्या कारागिरांच्या हातून तयार झाली, तर पुढच्या मे महिन्यात दुकानदाराला विचारायचा प्रश्न बदलेल. "कितीला?" याच्या आधी आपण "किती तास?" असे विचारू, आणि त्याला उत्तर द्यावेच लागेल.