प्रासंगिक विचार : गिरणीच्या जमिनीवरील नवीं घरें

गेल्या महिन्यांत एका निकटच्या आप्तांकडे वास्तुशांतीनिमित्त परळास जाण्याचा योग आला. पूर्वीच्या एका कापडगिरणीच्या आवारांत उभ्या राहिलेल्या उत्तुंग इमारतींत, एकतिसाव्या मजल्यावर, त्यांनीं नवें घर घेतलें आहे. खालीं दुकानें, मधले कांहीं मजले कचेऱ्यांचे, वर राहतीं घरें, आणि एका कोपऱ्यांत शोभेसाठीं राखलेलें गिरणीचें धुराडें. होमहवन यथासांग झालें. पानें मांडण्याच्या वेळीं, त्या घरीं पोळ्या करावयास येणाऱ्या बाईंचे वृद्ध यजमान फुलांची परडी पोंचवून खिडकीपाशीं उभे होते. आम्हीं सहज विचारलें, "मामा, काय पाहतां?" ते म्हणाले, "आमचं साचेखातं कुठं होतं त्ये बघतोय. बावीस वर्सं हितं काम केलं, पण एवढ्या उंचावरनं कायच वळखू येत नाय."

जेवण गोड झालें, परंतु तें वाक्य मनांतून जाईना. म्हणून या महिन्यांत वाचकांपुढें हाच विषय ठेवीत आहों.

मुंबईंत कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ मध्यें पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापिली. पुढें शंभर वर्षांत ताडदेवापासून दादरपर्यंत गिरणगांव वसलें. कोंकणांतून व घाटावरून आलेल्या माणसांच्या श्रमांवर या शहराचें वैभव उभें राहिलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगारांनीं संप पुकारला. तो कधींच रीतसर मागें घेतला गेला नाहीं. मात्र अनेक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. जुनीं यंत्रें, यंत्रमागांची स्पर्धा आणि मालकांची अनास्था हीं कारणें संपापूर्वींचींच होतीं. गिरण्या सर्वस्वीं होत्या तशाच चालल्या असत्या, असें म्हणणें वस्तुस्थितीस धरून होणार नाहीं. मागें उरली ती शहराच्या मध्यभागींची सुमारें ६०० एकर जमीन. आणि खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींतील ५८ व्या कलमानें या प्रश्नास एक सरळ उत्तर दिलें होतें. जमिनीचे तीन वांटे करावे. एक महापालिकेस मैदानें व उद्यानें यांकरितां, एक सार्वजनिक घरबांधणीकरितां, आणि एक मालकास. घरांतील वडील माणसानें करावी तशीच ही वांटणी होती. १९९६ मध्यें शासनानें वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालीं समितीही नेमली. एकेका गिरणीचा सुटा विचार न करतां सर्वांचा एकत्र आराखडा करावा, रस्ते व मोकळ्या जागा आधीं आंखाव्या, असा तिचा रोख होता. परंतु २००१ मध्यें नियमांत दुरुस्ती झाली. जेथें बांधकाम नव्हतें तेवढीच जमीन वांटणीस धरावी, गिरणी पाडून मोकळी होणारी धरूं नये, असें ठरलें. गिरणीच्या आवारांत मुळांत मोकळी जागा ती किती असणार? वांटे तीनच राहिले, पण ताट लहान झालें. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ मध्यें लोकांच्या बाजूनें निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयानें ७ मार्च २००६ रोजीं तो फिरवून दुरुस्ती कायम केली. निकाल कायद्याचा झाला व तो मानलाच पाहिजे. परंतु गेलेलीं मैदानें निकालानें परत येत नाहींत.

परिणाम डोळ्यांपुढें आहेत. जुन्या गिरण्यांच्या जागीं सहस्रावधि माणसें कचेऱ्यांत येऊं लागलीं, परंतु रस्ते, स्थानकें व जिने जुनेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जीव गेले. त्याच वर्षीं २९ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारांतील उपाहारगृहांस आग लागून १४ माणसें मृत्युमुखीं पडलीं. इमारत नवी झाली म्हणजे शहर नवें झालें, असें होत नाहीं.

निवास, बाजार व काम एकाच ठिकाणीं असावें, ही कल्पना हल्लीं नवीन म्हणून सांगितली जाते. वस्तुतः गिरणगांव तसेंच होतें. चाळीच्या तळमजल्यावर वाण्याचें दुकान, शेजारीं खाणावळ, गल्लींत व्यायामशाळा व भजनी मंडळ, आणि भोंगा होतांच पायीं पोंचतां येईल अशी गिरणी. खोल्या कोंदट होत्या, एकेका खोलींत पाळीपाळीनें दहापंधरा माणसें निजत. त्या हालांचें कौतुक आम्हांस करावयाचें नाहीं. परंतु तेथें वापराबरोबर माणसेंही मिसळलेलीं होतीं. आज दुकानें, कचेऱ्या व घरें एकत्र आलीं, पण माणसें फाटकाच्या आंत व बाहेर अशीं विभागलीं गेलीं.

इंग्लंडांत यॉर्कशायर परगण्यांत सॉल्टेअर नांवाचें गिरणीगांव आहे. तेथील गिरणी १८५३ मध्यें सुरू झाली, म्हणजे आपल्या पहिल्या गिरणीच्याच वयाची. ती १९८६ मध्यें बंद पडली. पुढील वर्षीं जोनाथन सिल्व्हर या गृहस्थांनीं ती विकत घेऊन तेथें चित्रदालन, दुकानें व व्यवसाय आणले. कामगारांचीं दगडी घरें तशींच राहिलीं, आणि २००१ मध्यें त्या गांवास जागतिक वारशाचा मान मिळाला. मुंबईचा पसारा व जमिनीचा भाव यांची त्या लहान गांवाशीं तुलना होणार नाहीं. तथापि जुनें सर्व पाडल्यावांचून नवें होत नाहीं, ही समजूत खरी नव्हे, एवढें त्यावरून कळतें.

कामगारांच्या पदरीं काय पडलें? २०१२ मध्यें म्हाडानें ६,९२५ घरांची सोडत काढली, २०२० मध्यें ३,८९४ घरांची. अर्जदार होते दीड लक्षाच्या आसपास. पुढें शेलू व वांगणी येथें, म्हणजे मुंबईबाहेर, घरें देण्याची योजना निघाली, तेव्हां २०२५ च्या जुलैंत वृद्ध कामगार व त्यांच्या विधवा आझाद मैदानावर येऊन बसल्या. 'मुंबईंतच घर' ही त्यांची मागणी ऐकून ज्यांस हट्ट वाटतो, त्यांनीं आपल्या आजोळच्या वाड्याविषयीं आपण किती हळवे होतों, हें आठवावें.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें अशा घरांत राहतात वा राहूं इच्छितात. घर घेणें हा कांहीं अपराध नव्हे, आणि पडीक जमीन पडीक ठेवण्यांत कोणाचेंच हित नाहीं. परंतु घराचा करार करतांना नळ, दिवा व उद्वाहक यांविषयीं आपण जितकी चौकशी करतों, तितकीच आणखी एक करावी : येथें पूर्वीं काय होतें, आणि सार्वजनिक म्हणून सोडलेली जागा कोठें आहे? त्या मैदानास कुलूप असेल तर रहिवाशांच्या सभेंत तें काढण्याचा ठराव मांडावा. आपल्या नातवंडांबरोबर चाळींतील पोरेंही तेथें खेळूं द्यावीं.

वास्तुशांतींत आपण वास्तुपुरुषाची पूजा करून, बांधकामांत भूमीस व जीवजंतूंस झालेल्या पीडेबद्दल क्षमा मागतों. त्या संकल्पांत मुंग्याकिड्यांचाही विचार आहे. ज्यांचें साचेखातें त्याच भूमीवर होतें, त्यांचा विचार त्यांतून वगळण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. निघतांना आम्हीं आप्तांस एवढेंच सुचविलें, कीं पुढील रविवारीं मामांस सहकुटुंब जेवावयास बोलवावें, आणि तें खातें नेमकें कोठें होतें, हें मुलांस त्यांच्या तोंडून ऐकूं द्यावें. त्यांनीं तें मान्य केलें आहे.