ऑर्किड न हुंगता

गेल्या हिवाळ्यात एका माजी विद्यार्थ्याने उलाँग चहाच्या तीन पुड्या आणून दिल्या. आले घालून उकळलेल्या दुधाच्या चहावर वाढलेल्या मला हा प्रकार नवा होता. साहजिकच, अध्यापकी सवयीने, मी आधी वाचन केले.

उलाँग हा हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला. खुडलेल्या पानांचे ऑक्सिडीकरण होऊ द्यायचे आणि ते पूर्ण होण्याआधी उष्णता देऊन थांबवायचे. कुठे थांबवले आणि पुढे किती भाजले, यावर चव बरीचशी ठरते. माझ्याकडची पहिली पुडी चीनच्या फुजियान प्रांतातल्या हलक्या, हिरवट तिएग्वानयिनची होती. दुसरी तैवानच्या डोंग डिंगची. तिसरी वूयी पर्वतातल्या, चांगल्या भाजलेल्या चहाची.

तिएग्वानयिनला ऑर्किडचा गंध असतो, असे वाचले होते. प्याले, आणि मला ऑर्किडचा गंध आला. मग लक्षात आले, की मी आयुष्यात ऑर्किड कधी हुंगलेलेच नाही!

उत्तरपत्रिकांत 'येथे करुणरसाचा परिपोष झाला आहे' हे वाक्य वर्षानुवर्षे तपासताना विद्यार्थ्यांवर वैतागणारी मी, स्वतः तेच करत होते.

मग वर्णने मिटवून ठेवली. तिन्ही चहा शेजारी शेजारी केले: प्रत्येकी पाच ग्रॅम पाने, शंभर मिलिलिटर कढत पाणी, अर्धा मिनिट. उलाँगची पाने पुन्हा पुन्हा वापरता येतात, म्हणून त्यांवरच पाच वेळा पाणी घातले. वहीत दोनच शब्दांना परवानगी होती : हवासा, नकोसा. पहिल्या पेल्याला हवासा वाटलेला तिएग्वानयिन तिसऱ्याला मला पोकळ वाटला. वूयीचा चहा आधी करपट लागला. तिसऱ्या पेल्यात मात्र भट्टीवरच्या फुटाण्यांचा वास आला. हा शब्द माझा होता, कारण फुटाणे मी हुंगले आहेत. डोंग डिंगबद्दल माझे मत अजून ठरलेले नाही.

यावरून तिएग्वानयिन कमी प्रतीचा ठरत नाही. आवड म्हणजे मूल्यनिर्णय नव्हे. पण आवडीची प्रामाणिक नोंद नसेल, तर मूल्यनिर्णयाला पायाच उरत नाही. ज्ञान निरुपयोगी आहे, असेही मला म्हणायचे नाही. फुटाण्यांचा वास भाजण्यातून आला, हे ज्ञानानेच उलगडले. प्रश्न क्रमाचा आहे. अनुभवानंतर आलेले ज्ञान त्याला धार देते. आधी आलेले पुष्कळदा त्याची जागाच बळकावते.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने रस समजावताना नाना व्यंजनांनी सिद्ध केलेले अन्न चाखणाऱ्या माणसाचा दृष्टान्त दिला आहे. आपल्या अभ्यासक्रमांनी रसांची यादी तेवढी जपली आणि चाखणारा वगळला.

यंदा मी कवितेची प्रस्तावना देणे थांबवले आहे. आधी कविता वाचायची, मग कुठे थांबावेसे वाटले आणि कुठे कंटाळा आला, एवढेच लिहायचे. एका विद्यार्थिनीने भीत भीत विचारले, "बाई, आवडली नाही असं लिहिलं तर चालेल?" मी म्हटले, "चालेल. पण कोणत्या ओळीपासून, ते सांग." तिने ओळ दाखवली. माझ्या मते समीक्षा तिथून सुरू होते.